सुईच्या आधी आणि सुईनंतर

आमचे मामा पावसच्या बाजूला राहतात. तीस-पस्तीस कलमांची त्यांची बाग आहे. पासष्टी उलटली तरी काढणीच्या दिवसांत ते स्वतः झाडाखाली उभे राहून एकेक फळ पाहून घेत असत. मधुमेह जुना. चार वर्षांपूर्वी तक्रारीला सुरुवात झाली ती अगदी साध्या गोष्टीपासून. बाग चढताना डावी पोटरी भरून येई. दोन मिनिटं गडग्यावर बसलं की दुखणं थांबे. ‘वय झालं’ म्हणून घरच्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पुढे चप्पल लागून अंगठ्याला जखम झाली, ती महिनाभर भरेना, अंगठा काळवंडला, आणि ‘गुडघ्याखालून पाय काढावा लागेल’ हे वाक्य ऐकण्याची वेळ आली.

तेव्हा कोणीतरी सांगितलं की हल्ली मोठ्या शहरांत पाय न कापता, नुसती सुई टोचून आतली रक्तवाहिनी मोकळी करतात. आम्ही मामांना घेऊन गेलो. कुठल्या शहरात, कुठल्या इस्पितळात, हे सांगण्याचं कारण नाही. जांघेत एक बारीक सुई गेली, तिच्यामागून तार गेली, तारेवरून फुगा गेला, आणि तास-दीड तासात इतके दिवस थंड पडलेला पाय कोमट झाला. हा चमत्कार मी माझ्या हाताने चाचपून पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी यायला निघालो. हातात एक तबकडी, एक बिल आणि पंधरा दिवसांच्या गोळ्यांची चिठ्ठी.

सोळाव्या दिवशी प्रश्न पडला : गोळ्या पुढे घ्यायच्या की थांबवायच्या? ज्या सर्जनने आम्हांला पाठवलं होतं ते म्हणाले, ‘हे काम माझं नाही, ज्यांनी फुगा घातला त्यांना विचारा.’ फोन केला तर तिकडून उत्तर आलं, ‘आम्ही क्ष-किरण विभाग. आमच्याकडे केसपेपर नसतो. ज्यांनी पाठवलं त्यांना विचारा.’ या दोन ‘त्यांना विचारा’च्या मध्ये गोळ्या बंद पडल्या. तीन महिन्यांनी पाय पुन्हा थंड झाला, आणि त्या खेपेला पुढचं अर्धं पाऊल गमवावं लागलं. गोळी चालू असती तर पाऊल वाचलंच असतं, असं मी म्हणणार नाही. तसं कोणी शहाणा डॉक्टरही म्हणणार नाही. पण पाऊल का गेलं हे सांगणारा मनुष्यच आम्हांला सापडला नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

मी काही वैद्यकाचा माणूस नव्हे. कॉलेजात शिकवणारा साधा प्राध्यापक. परंतु या प्रकारानंतर मी जाणकारांना विचारलं, वाचलं, आणि ध्यानात आलं की आमच्या बाबतीत चुकलं ते यंत्र नव्हे, हातही नव्हे. चुकली ती एक खोली. ती खोली तिथे नव्हतीच. ती बाह्यरुग्ण विभागाची खोली, म्हणजे आपण जिला सरसकट ओ.पी.डी. म्हणतो, तिच्याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी हे शास्त्र काय आहे ते पाहू. क्ष-किरणांचा शोध राँटगेन यांनी १८९५ साली लावला. कातडीच्या आतलं हाड चाकू न लावता दिसू लागलं. रक्तवाहिन्या मात्र साध्या क्ष-किरणांना दिसत नाहीत; त्यांत किरणांना अडवणारं औषध भरावं लागतं, आणि ते भरायचं तर आत शिरायला वाट हवी. १९२९ साली फोर्समान नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत सारली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण विभागात जाऊन तिचं छायाचित्र घेतलं. त्या काळी लोकांनी त्याला वेड्यात काढलं. १९५६ साली त्याच्या वाट्याला नोबेल पारितोषिक आलं.

खरी सोय झाली ती १९५३ साली. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी एक युक्ती काढली. ती आपल्या घरातल्या एखाद्या बाईला समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतील, कारण लेंग्यात नाडी ओवण्याहून ती फार वेगळी नाही. रक्तवाहिनीत पोकळ सुई टोचायची; सुईतून लवचिक तार आत सोडायची; सुई काढून घ्यायची, तार तशीच ठेवायची; आणि त्या तारेवरून नळी सरकवायची. झालं! मोठं छिद्र न पाडता शरीराच्या आतल्या बहुतेक गल्लीबोळांत शिरण्याचा मार्ग मोकळा झाला. आजही जगभर रोज हीच रीत वापरली जाते.

पण सेल्डिंगरची नळी मुख्यतः पाहण्यासाठी होती. तिने दुरुस्तीही करता येईल हे दाखवलं ते अमेरिकेत पोर्टलंड शहरी चार्ल्स डॉटर यांनी. तारीख १६ जानेवारी १९६४. ब्याऐंशी वर्षांची एक वृद्धा पायाला गँगरीन होऊन त्यांच्याकडे आली होती, आणि पाय कापून घ्यायला ती मुळीच तयार नव्हती. डॉटरनी तिच्या मांडीतल्या धमनीतली अरुंद जागा नळ्यांनीच रुंद केली. पाय वाचला. पुढे १९७७ साली झुरिचमध्ये ग्रुन्टझिग यांनी फुगा लावलेली नळी हृदयाच्या धमनीत वापरली, आणि ‘अँजिओप्लास्टी’ हा शब्द आपल्या वाडीवस्तीपर्यंत पोचला.

आज या शाखेला इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा : चित्राकडे पाहत पाहत, सुईच्या वाटेने केलेला उपचार. बंद धमनी उघडायची तशी वाहती धमनी मुद्दाम बंदही करायची. गर्भाशयातल्या गाठींचं रक्त तोडून त्या सुकवता येतात. फ्रान्समधल्या राविना यांनी १९९५ साली हे जगापुढे मांडलं. यकृतातल्या गाठीला तिच्याच धमनीतून औषध पोचवता येतं. अडलेलं पित्त किंवा अडलेली लघवी नळीने बाहेर काढता येते. पायावरच्या फुगलेल्या शिरा आतून लेसरने तापवून बंद करता येतात. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयात आणि शेजारच्याच टाटा मेमोरियलमध्ये अशी कामं नित्य चालतात, आणि आपल्या जिल्ह्यातली माणसं त्यासाठी रात्रीची गाडी पकडून जातात.

आता मूळ प्रश्न. एवढं सगळं करणाऱ्या डॉक्टरला स्वतःची ओ.पी.डी. का नव्हती?

याचं उत्तर इतिहासात आहे. क्ष-किरण विभाग म्हणजे इस्पितळातली अंधारी खोली. रोगी तिथे चिठ्ठी घेऊन जायचा, छाती पुढे करून श्वास रोखायचा, आणि चित्र घेऊन परत यायचा. चित्र काढणाऱ्याने रोग्याची चौकशी करावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती. फोटो काढणारा कुठे आपल्याला ‘संसार कसा चाललाय’ म्हणून विचारतो? पुढे त्याच खोलीत उपचार होऊ लागले तरी रिवाज चिठ्ठीचाच राहिला. चिठ्ठी आली, काम केलं, रोगी परत धाडला. आधीचा विचार दुसऱ्याचा, नंतरची काळजी तिसऱ्याची.

गंमत अशी की हा धोका डॉटरनी फार लवकर ओळखला होता. १९६८ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना बजावलं की तुम्ही जर रोग्याची जबाबदारी अंगावर घेणार नसाल, तर तुम्ही नुसते महागडे नळ-दुरुस्तीवाले होऊन बसाल, आणि शेवटी ते कामही तुमच्या हातून जाईल. अगदी परखड बोल होते हे. ते पटायला काळ जावा लागला. ब्रिटनने २०१० साली या शाखेला उपशाखेचा दर्जा दिला, अमेरिकेने २०१२ साली तिला स्वतंत्र विषय मानलं, आणि भारतातही एम.डी. नंतर तीन वर्षांचा डी.एम. अभ्यासक्रम या विषयात आहे. म्हणजे नळी सारणारा तंत्रज्ञ ही भूमिका मागे पडून रोग्याचा डॉक्टर ही भूमिका पुढे आली. आणि रोग्याचा डॉक्टर म्हटला की त्याला बसायला खुर्ची, रोग्याला निजवायला खाट आणि मधे केसपेपर हा हवाच.

आपल्याकडच्या माड-पोफळीच्या आगराचं उदाहरण घ्या. पाटात गाळ साचला, पाणी तुंबलं, की गडी फावड्याने तो मोकळा करतो. ते काम अर्ध्या दिवसाचं. पण पाट कुठे फोडायचा, कुठल्या आळ्यात पाणी कमी पोचतं, माड पिवळा पडला तो पाण्यावाचून की किडीने, आणि मोकळा केलेला पाट पुढच्या पंधरवड्यात पुन्हा भरला का, हे पाहणारा वेगळा असतो. त्याला आपण आगराचा धनी म्हणतो. ओ.पी.डी. म्हणजे डॉक्टरने धनी म्हणून आगरात फेरी मारणं.

या खोलीत सुईच्या आधी काय घडतं ते पाहू.

समजा मामांसारखाच एक रोगी आला. पहिली गोष्ट, डॉक्टर त्याला बोलू देतो. किती पावलं चालल्यावर दुखतं? बसल्यावर थांबतं का? रात्री पाय खाटेखाली सोडावासा वाटतो का? तंबाखू, विडी, मिश्री? मग मोजे काढून दोन्ही पाय पाहणं, बोटांच्या बेचक्यांत पाहणं, जांघेपासून घोट्यापर्यंत नाडी चाचपणं. नंतर एक साधी मोजणी. घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायाची धमनी अरुंद झाली आहे असं समजतात. पण इथेच अनुभवाची गरज लागते. मधुमेह्याच्या धमन्यांत चुना बसून त्या दगडासारख्या होतात, पट्ट्याने दाबल्याच जात नाहीत, आणि गुणोत्तर १.४ च्या वर जातं. कागदावर आकडा भरभक्कम, आणि प्रत्यक्षात पाय उपाशी! अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. ही गोष्ट चिठ्ठीवरून कळणारी नव्हे. पाय पाहूनच कळणारी आहे.

दुसरी गोष्ट, तयारी. धमनीत भरायचं औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून क्रिॲटिनिन आधी पाहायचं. रक्त गोठण्याची तपासणी आणि रक्तबिंबिकांची मोजणी करायची. रोगी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर कुठली, किती दिवस आधी थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे लिहून द्यायचं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मधुमेहाच्या काही गोळ्यांबद्दलही तेच. ही विचारपूस आदल्या आठवड्यात झाली नाही, तर रोगी उपाशीपोटी टेबलावर निजल्यावर लक्षात येतं की आज काम होणार नाही. रत्नागिरीहून मुंबईला गेलेल्या माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो? दोन माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं, लॉजचा खर्च आणि बुडालेली आठवड्याची मजुरी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ‘नाही’ म्हणणं. पोटरी दुखणाऱ्या प्रत्येकाला फुगा लागतोच असं नाही. जखम नाही, रात्रीची कळ नाही, नुसतं चालताना दुखतं, अशा पुष्कळांना तंबाखू सोडणं, औषधं, आणि नेमाने चालणं यांचा चांगला गुण येतो. चालण्याचीही रीत आहे. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा चालायचं; असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन वेळा, बारा आठवडे. चिठ्ठीवर ‘फुगा घाला’ लिहून आलेल्या रोग्याला चिठ्ठीवर काम करणारा मनुष्य हे सांगू शकत नाही. केसपेपर लिहिणारा सांगू शकतो. चांगल्या ओ.पी.डी.ची कसोटी तिने किती जणांना टेबलावर पाठवलं यावर ठरत नाही. किती जणांना विचारपूर्वक परत पाठवलं, हेही पाहावं लागतं.

आणि चौथी गोष्ट, संमती. आपल्याकडे संमती म्हणजे सही. सिस्टर कागद पुढे करते, नातेवाईक अंगठा किंवा सही करतात, आणि आत काय होणार ते कोणालाच ठाऊक नसतं. ओ.पी.डी.त हाच कागद आठवडाभर आधी, शांतपणे समजावता येतो. गर्भाशयातल्या गाठींचंच घ्या. औषध, गाठ काढणं, पिशवी काढणं, आणि धमनी बंद करून गाठ सुकवणं, असे निरनिराळे मार्ग आहेत. प्रत्येकाचा लाभ वेगळा, तोटा वेगळा. ज्या बाईला पुढे मूल हवं आहे तिने कुठला मार्ग घ्यावा याचा खल स्त्रीरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन करावा लागतो. तिला विचार करायला, नवऱ्याशी, आईशी बोलायला वेळ हवा. असा वेळ टेबलावर मिळत नाही.

आता सुईनंतरचं. आपल्या भाषेत म्हण आहे, ‘गरज सरो, वैद्य मरो’. रोगी बरा झाला की वैद्याला विसरतो, असा तिचा रोख. पण इथे वैद्यच रोग्याला विसरला तर काय, असा प्रश्न आहे.

उघडलेली धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते. म्हणून काही दिवसांनी जखम आणि सुईची जागा, महिन्याभरात नाडी आणि गोळ्या, पुढे ठराविक मुदतीने डॉप्लर, असा फेरा ठेवावा लागतो. यकृतातल्या गाठीला औषध दिलं, तर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढून गाठ किती मेली ते पाहिल्याशिवाय पुढचं पाऊल ठरत नाही. गाठीचं रक्त तोडल्यावर काही दिवस ताप येतो, पोट दुखतं. तो बहुधा अपेक्षित ताप असतो, पण कधी तो जंतूंचा असतो. रात्री अकरा वाजता हा फरक कोणाला विचारायचा? केसपेपरवर एक फोन नंबर असला तर तो प्रश्न सुटतो.

नळ्यांचं तर विचारूच नका. मूत्रपिंडात ठेवलेली नळी साधारण तीन महिन्यांनी बदलावी लागते. पित्ताची नळी धुवावी लागते, तपासावी लागते, बदलावी लागते. नळी ही शरीरातली पाहुणी आहे; तिचा मुक्काम लांबला की ती तुंबते, पू धरते, तिच्यावर खडे साचतात.

याहून बोलकं उदाहरण गाळणीचं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि रोग्याला रक्त पातळ करणारी औषधं देता येत नसली, तर गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत तारांची एक छोटी छत्रीसारखी गाळणी बसवतात. यांतल्या पुष्कळशा काढून घेण्याजोग्या असतात. धोका टळला की काढायच्या. पण काढायला बोलावणार कोण? बसवणाऱ्याला वाटतं, पाठवणारा बोलावील; पाठवणाऱ्याला वाटतं, बसवणारा बोलावील. गाळणी आत राहते, कधी सरकते, कधी मोडते, कधी शिरेच्या भिंतीत रुतते. प्रश्न इतका वाढला की अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २०१० साली डॉक्टरांना जाहीर सूचना करावी लागली : गरज संपताच गाळणी काढण्याचा विचार करा.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तक नेलं की नोंदवहीत परतीची तारीख पडते. तारीख उलटली की ग्रंथपालांची चिठ्ठी येते, आणि ती प्राचार्यांनाही चुकत नाही. एका जुन्या कादंबरीसाठी आपण एवढी काळजी घेतो, तर माणसाच्या पोटातल्या तारांसाठी तेवढी तरी नोंदवही असावी की नको? जिथे अशी ओ.पी.डी. नीट चालते तिथे ही वही असते. रोग्याचं नाव, आत काय ठेवलं, केव्हा ठेवलं, केव्हा काढायचं किंवा बदलायचं, आणि शेवटच्या रकान्यात ‘बोलावलं का?’ ती रोज उघडून पाहणारी एक परिचारिका असते. वही संगणकात असो की लाल कापडाच्या बांधणीची असो, ती उघडणारं माणूस नेमलेलं असलं पाहिजे.

अशी खोली सुरू करायला काय लागतं? त्याची यादी आश्चर्य वाटावं इतकी छोटी आहे. एक स्वच्छ खोली, पडदा, खाट. रक्तदाबाचे पट्टे आणि हातात मावणारं डॉप्लर यंत्र. जवळपास सोनोग्राफी. जखम धुवायची ट्रॉली. रोग्याला त्याचंच चित्र दाखवायला एक पडदा. आठवड्यातले दोन अर्धे दिवस, पण ठरलेले. मोठं काम आलं म्हणून ओ.पी.डी. रद्द, असं होता कामा नये. नव्या रोग्याला वीस ते तीस मिनिटं, जुन्याला दहा-पंधरा. आणि एक परिचारिका, जिला रोगी नावाने ओळखतात.

खर्चाचा मुद्दा निघतो. डॉक्टर म्हणतात, त्या दोन वेळांत टेबलावर चार कामं झाली असती. हिशेब वरवर खरा आहे. पण न तपासता आलेला रोगी टेबलावरून परत गेला तर ती वेळही फुकटच जाते. नळी तुंबून रोगी मध्यरात्री आला तर तो खर्च कोणाच्या खात्यावर मांडायचा? आणि ज्याची नीट चौकशी होते तो रोगी पुढे चार जणांना सांगतो, ही गोष्ट कुठलाही जुना वैद्य सांगेल.

दुसरी अडचण मानपानाची. ‘हा आता आमचे रोगी पळवणार,’ अशी शंका सर्जनला, फिजिशियनला येते. तिच्यावर औषध एकच : पत्र. रोगी पाहिला की त्याच दिवशी पाठवणाऱ्या डॉक्टरला पत्र जावं. मी काय पाहिलं, काय ठरवलं, गोळ्या कुठल्या, पुढची तारीख कोणती, आणि कुठल्या लक्षणाला मला कळवावं. एक प्रत रोग्याच्या हातात. मामांच्या हातात असं एक पत्र असतं तर सोळाव्या दिवसाचा प्रश्न पडलाच नसता.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अशा शस्त्रक्रियागृहाला भारी यंत्रं लागतात, ती प्रत्येक तालुक्याला येतील असं कोणी म्हणणार नाही. पण वरची यादी पुन्हा आठवा. आधीची आणि नंतरची खोली यंत्रावर अडत नाही. ती माणसावर अडते. सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. मुंबई-कोल्हापूरच्या तज्ज्ञाने महिन्यातून ठरलेल्या दिवशी इथे बसावं, जखम आणि नाडी इथल्या डॉक्टरांनी पाहावी, सुईचं काम तेवढं शहरात व्हावं, अशी वाटणी अशक्य नाही. २०२० च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने दूरध्वनीवरून आणि दृक्‌श्राव्य साधनांनी सल्ला देण्याचे नियम घालून दिले, त्यामुळे नंतरच्या कित्येक फेऱ्या घरबसल्या होऊ शकतात. मात्र एक लक्षात ठेवावं : फोनवरून जखमेचं चित्र दिसतं, पायाची नाडी लागत नाही. पहिली तपासणी समक्षच हवी.

तारखा देणाऱ्यांनीही कोकणचं पंचांग ध्यानात घेतलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये बागायतदार येणार नाही. गणपतीत कोणीच येणार नाही. भर पावसात आंबा घाट केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो. ‘रोगी बेफिकीर आहे’ असा शेरा मारण्यापूर्वी तारीख कुठल्या महिन्याची दिली होती ते पाहावं.

शेवटी, आपल्यासारख्यांनी काय करायचं? असा उपचार करून घेण्याची वेळ आली तर पाच प्रश्न विचारावेत, आणि उत्तरं कागदावर घ्यावीत. मला याची गरज का आहे आणि न केल्यास काय होईल? दुसरा मार्ग कोणता? माझ्या शरीरात काही ठेवणार असाल तर ते केव्हा काढायचं? गोळ्या किती दिवस? आणि घरी गेल्यावर त्रास झाला तर फोन कोणाला? खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का ते आधीच विचारावं. ज्यांच्या हातावर डायलिसिससाठी फिस्ट्युला आहे त्यांनी रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का पाहावी. थरथर थांबली तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि मधुमेह्यांनी रोज रात्री आपले तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून.

मामांचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. गेल्या वर्षी त्यांचा उजवा पाय दुखू लागला. या खेपेला आम्ही आधी खोली शोधली आणि मग टेबलाची चौकशी केली. त्या डॉक्टरांनी पाऊण तास घेतला, दोन्ही पायांची नाडी पाहिली, अंगठ्याचा दाब मोजला, आणि म्हणाले, ‘याला आज सुई नको. मिश्री सोडा, गोळ्या चुकवू नका, आणि बागेत चाला. तीन महिन्यांनी मला दाखवा.’ केसपेपरवर पुढची तारीख घातली, खाली फोन नंबर लिहिला. मामांनी तो कागद देवघरातल्या फळीवर, पंचांगाच्या शेजारी ठेवला आहे. डाव्या पायात खास बूट आणि हातात काठी घेऊन ते रोज संध्याकाळी गडग्यापर्यंत जातात, पोटरी भरून आली की बसतात, आणि पुन्हा उठून चालू लागतात. पहिल्या महिन्यात त्यांना वाटेत चारदा बसावं लागे. आता दोनदा बसतात.